एपीओई-४ आणि धावणारी मुलगी: १९ व्या वर्षी ताटात नेमकं काय वाढायचं?

मानकापूर ट्रॅक

माझ्याकडे सराव करणारी मुलगी १९ वर्षांची, १५०० आणि ५००० मीटर धावते. उंची १५९ सेंमी, वजन ५० किलो, आठवड्याला साधारण ७० किमी. पहाटेचा सराव मानकापूरच्या क्रीडा संकुलात, रविवारी सेमिनरी हिल्सची चढण. आजीला ७४ व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं म्हणून घरच्यांनी तिची जनुक तपासणी केली. अहवालात एपीओई ३/४ आलं, म्हणजे अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ या जनुक-प्रकाराची एक प्रत.

त्या दिवसापासून घरात भात, पोळी, केळी, संत्री बंद. सकाळी कॉफीत दोन मोठे चमचे खोबरेल तेल, जेवण फक्त दुपारी १२ ते रात्री ८ या वेळात, आणि त्यात पनीर, तूप, अंडी. याला चार महिने झाले. आता शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय उचलत नाहीत, नडगीत बोट ठेवलं की दुखतं, आणि तीन महिने पाळी आलेली नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आधी १०४ होतं, आता १४६. घरचे म्हणतात, बघा, जनुकानं रंग दाखवला, अजून कडक पथ्य पाहिजे.

धावणं आणि मेंदू दोन्ही सांभाळेल असं, नागपुरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचं ताट कसं बांधायचं? अंडी आणि मासे चालतात, मटण घरात होत नाही.

आहार_धरमपेठ

सर, अजून कडक पथ्य नको. आहे तेच आधी थांबवा. हिशोब मांडते, तो घरच्यांना दाखवा.

५० किलोच्या धावपटू मुलीत चरबी १८ टक्के धरली तर उरलेलं शरीर, म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, ४१ किलो. सरावाचा खर्च वजा केल्यावर या प्रत्येक किलोला दिवसाला ४५ च्या आसपास कॅलरी उरल्या पाहिजेत. ४१ गुणिले ४५ म्हणजे १८४५. धावताना दर किलोला दर किलोमीटरला ढोबळ १ कॅलरी जाते, म्हणजे १२ किमीच्या दिवशी ६००. बेरीज साधारण २४५०. तिच्या सध्याच्या जेवणाच्या वेळा आणि पदार्थ बघता ती १५०० च्या पुढे जात असेल असं वाटत नाही. १५०० वजा ६००, भागिले ४१, म्हणजे २२. हा आकडा ३० च्या खाली बरेच दिवस राहिला की शरीर खर्चाला कात्री लावतं. पाळी थांबते, हाडांची डागडुजी मंदावते, थायरॉईड मंद होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला रेड-एस (खेळाडूला ऊर्जा कमी पडण्याची अवस्था) असं नाव दिलं आणि २०२३ मध्ये निकष सुधारले. पाळी बंद आणि नडगीत बोटाएवढ्या जागी दुखणं, ही जोडी दिसली की धावणं त्याच दिवशी थांबवायचं आणि हाडाचा एमआरआय होईपर्यंत सुरू करायचं नाही. साध्या एक्स-रेत हाडातली सुरुवातीची ताणभेग बहुतेकदा दिसतच नाही, त्यामुळे "एक्स-रे ठीक आहे" यावर विसंबू नका. तोवर पोहणं किंवा सायकल, तेही दुखत नसेल तरच.

आता एलडीएल. जनुक जन्मापासून तेच आहे. चार महिन्यांपूर्वी १०४ असताना सुद्धा तेच होतं. या चार महिन्यांत बदललं ते ताट. सडपातळ, भरपूर व्यायाम करणाऱ्या माणसानं कर्बोदकं जवळजवळ बंद करून तूप-खोबरेल वाढवलं की एलडीएल उसळी घेतं. उपाशी राहून पाळी थांबली, इस्ट्रोजेन घसरलं, की तेही एलडीएल वाढवतं. म्हणजे ज्या गोष्टीची भीती घातली जातेय, ती या पथ्यानंच आणली असण्याची शक्यता मोठी आहे.

मेंदू_आणि_जनुक

ताईंच्या म्हणण्याला जनुकाच्या बाजूनं पूरक.

एपीओई हे १९ व्या गुणसूत्रावरचं जनुक. चरबी आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रथिन ते बनवतं, रक्तातही आणि मेंदूतही. त्याचे २, ३ आणि ४ असे तीन प्रकार. ३ आणि ४ यांत फरक एवढाच, की प्रथिनाच्या साखळीत ११२ व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन येतं. अल्झायमरशी त्याचं नातं १९९३ मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या गटानं दाखवलं. एक प्रत असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट, दोन प्रती असतील तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगड भागात झालेल्या भारत-अमेरिका अभ्यासात ४ या प्रकाराचं प्रमाण ७ टक्के निघालं, अमेरिकेतल्या तुलनेच्या गावांत ११ टक्के होतं.

अहवाल हातात घेतल्यावर दोन गोष्टी वेगळ्या करा. पीएसईएन-१, पीएसईएन-२ आणि एपीपी या जनुकांतले दुर्मिळ बदल रोग जवळपास नक्की आणतात आणि तो चाळिशी-पन्नाशीत दिसू लागतो. आजीला ७४ ला झालेला आजार तसला वाटत नाही. एपीओई-४ ची एक प्रत म्हणजे रोग नव्हे. कित्येकांना ती असून आयुष्यभर काही होत नाही, आणि ती नसलेल्यांनाही अल्झायमर होतो.

आहाराशी त्याचा खरा संबंध इथे आहे: ४ प्रकार असलेल्यांचं एलडीएल सरासरीनं जास्त असतं, आणि संपृक्त चरबी (तूप-खोबरेलात भरपूर असते ती) वाढली की ते अधिक वाढतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं धरली, त्यात मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल नव्यानं घातलं. म्हणून या मुलीला तुपा-खोबरेलाचं पथ्य देणं म्हणजे नेमकं उलटं औषध.

निसर्गवाट

पण खोबरेल तेलातून कीटोन (साखरेऐवजी चालणारं इंधन) तयार होतात आणि अल्झायमरमध्ये मेंदूला साखर वापरता येत नाही, कीटोन वापरता येतात, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. मग ते मेंदूसाठी चांगलं नाही का? आणि तूप तर आपलं परंपरेचं अन्न. वरण-भातावर तूप नाही म्हणजे जेवणच नाही.

मेंदू_आणि_जनुक

प्रश्न योग्य आहे. कीटोनच्या कल्पनेवर प्रत्यक्ष चाचणी झाली आहे. मध्यम साखळीच्या चरबीपासून बनवलेलं एक पेय सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्यांना दिलं होतं, निष्कर्ष २००९ मध्ये आले. थोडा फायदा दिसला तो एपीओई-४ नसलेल्या रुग्णांत. ४ असलेल्यांत दिसला नाही. शिवाय ते रुग्ण होते. १९ वर्षांच्या निरोगी मेंदूला साखर वापरण्यात अडचण नाही. आणि बाजारातलं खोबरेल म्हणजे ते पेय नव्हे. त्यात सर्वात जास्त असतं लॉरिक आम्ल, आणि जवळजवळ ९० टक्के चरबी संपृक्त. दोन मोठे चमचे म्हणजे २७ ग्रॅमच्या आसपास तेल, त्यातली २३-२४ ग्रॅम संपृक्त.

आहार_धरमपेठ

आणि तुपाचं उत्तर आकड्यात देते. २४५० कॅलरीतल्या ७ टक्के संपृक्त चरबीतून आल्या तर ती १९ ग्रॅम होते. ही दिवसाची मर्यादा धरा. कॉफीतलं खोबरेल एकटंच ती ओलांडतं. तुपाचा एक छोटा चमचा, सपाट, ५ ग्रॅमचा, म्हणजे ३ ग्रॅम संपृक्त. तो बसतो. वरण-भातावर एक चमचा तूप राहू द्या. पोळीला वेगळं, भाताला वेगळं, वर लाडवातलं वेगळं असं झालं की बसत नाही.

एक मात्र सांगते. चरबी एकूण कमी करायची नाही. धावणाऱ्या मुलीला दिवसाला ७५ ते ८० ग्रॅम चरबी हवीच, तिच्यातूनच संप्रेरकं बनतात. फक्त ती शेंगदाणा, जवस, अक्रोड, तीळ, मासे यांतून यावी. घरच्यांनी ऐकलं "चरबी वाईट" आणि सगळं उकडून द्यायला लागले, तर पाळी परत यायची नाही.

बाकी प्रमाण असं: कर्बोदकं दर किलोला ७ ग्रॅम, म्हणजे ३५०. प्रथिनं दर किलोला १.६ ते १.७, म्हणजे ८० ते ८५, आणि ती एकदम नाही, चार-पाच खाण्यांत विभागून. दर वेळी १५ ते २५ ग्रॅम.

सरावाच्या दिवसाचं ताट, डॉक्टरांनी धावायला परवानगी दिल्यावरचं:

पहाटे ५ ला एक मोठं केळ आणि तीन छोटे खजूर. ४५ ग्रॅम कर्बोदकं, पोटात जड नाही.

सराव संपल्यावर तासाच्या आत पोहे (भिजवण्याआधी ८० ग्रॅम), वर वाटीभर शिजलेले हरभरे, २०० मिली टोन्ड दूध. यातून कर्बोदकं ९५ ते १००, प्रथिनं २०.

दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी (एकीला ६० ग्रॅम पीठ), घट्ट वरण (कोरडी डाळ ४० ग्रॅम), पालेभाजी किंवा भरीत, १५० ग्रॅम दही, जवसाची चटणी १० ग्रॅम, लिंबू. कर्बोदकं ११५, प्रथिनं २५ ते २६.

साडेचारला एक संत्रं, मूठभर फुटाणे (३० ग्रॅम), शेंगदाणे ३० ग्रॅम. प्रथिनं १३-१४.

रात्री ८ ला भात (कच्चा तांदूळ ८० ग्रॅम), सोयाबीन वड्यांचा रस्सा (कोरड्या वड्या २५ ग्रॅम) किंवा दोन अंडी किंवा मासा, भाजी. झोपण्याआधी चार अक्रोड, म्हणजे आठ अर्धे.

भाज्यांसकट फोडणीला दिवसभरात पाच छोटे चमचे तेल. बेरीज केली तर कर्बोदकं ३६०, प्रथिनं ८०, आणि तुपाचा एक चमचा धरूनही संपृक्त चरबी १९ च्या आसपास.

मात्र चार महिने उपाशी राहिलेल्या पोटाला पहिल्याच दिवशी एवढं देऊ नका. आधी न्याहारी परत आणा, तीन-चार दिवसांनी पहाटेचं, मग रात्रीचा भात. दर आठवड्याला ३००-४०० कॅलरी वाढवत तीन आठवड्यांत इथे पोचा. पहिल्या आठवड्यात वजन एक-दीड किलो वाढलेलं दिसेल. ते स्नायूंत परत साठणारं ग्लायकोजेन आणि त्याबरोबरचं पाणी आहे. मुलीला हे आधी सांगा, नाहीतर काटा बघून घाबरते आणि पुन्हा खाणं टाकते. सगळं बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

भाकर_वरण

ताई, तर्री-पोह्याचं सांगतो, कारण नागपुरात पोहे म्हटले की तर्री आलीच आणि ठेल्यावरच्या तर्रीत वर तरंगते ते सगळं तेलच राहते. पोट्टी सरावावरून येताना तिथंच खाऊन राहिली असंल तर हिशोब चुकतेच.

घरी चौघांसाठी असं करा. गावरान हरभरे २०० ग्रॅम रात्री भिजवायचे, सकाळी कुकरमध्ये मीठ घालून सहा शिट्ट्या. दोन कांदे सालीसकट गॅसवर भाजायचे, काळे झाले की साल काढायची. धणे दोन चमचे, जिरं, चार मिरी, थोडं दगडफूल, तीळ दोन चमचे, सुकं खोबरं अगदी एक चमचा, हे तेल न घालता तव्यावर भाजायचं. लोक खोबरं वाटीभर घालतात, सारी संपृक्त चरबी तिथून येते. खोबऱ्याच्या जागी तीळ घातले तर रस्सा तेवढाच दाट होते. रंगासाठी भिवापुरी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटायची, रंग तेलातूनच येते असं काही नाही. सगळं वाटण चार छोटे चमचे शेंगदाणा तेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतायचं. कोरडं पडलं की तेल नाही, हरभऱ्याचं पाणी शिंपडायचं. मग हरभरे, पाणी, दहा मिनिटं उकळी.

घाई करून वाटण कच्चं राहिलं तर कांद्याचा उग्र वास येते अन् मग वरून तेल ओतून तो झाकावा लागते. परतायला वेळ द्या, तेल आपोआप कमी लागते.

अन् एक, सरावाच्या आधी हे खायचं नाही. हरभरा अन् तिखट घेऊन वेगात पळालं तर पोटात मुरडा ठरलेला.

इतवारी

तेलाबद्दल. दर माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरी महिन्याला ३ किलो, म्हणजे साधारण सव्वातीन लिटर. महिन्याचं तेल एकदाच आणून ठेवा आणि ते तीस दिवस पुरवा, चमचे मोजण्यापेक्षा हे घरात जास्त टिकतं. संपृक्त चरबी करडईत १० टक्क्यांच्या आत, शेंगदाण्यात १७ ते २०. फोडणीला दोन्ही चालतात, आलटून पालटून घ्या. तळणाचं उरलेलं तेल भाजीला वापरायचं नाही. काळपट झालं, फेस यायला लागला, चिकट वाटलं, की टाकून द्या.

जवसाचं तेल सावजीच्या जुन्या स्वयंपाकात फोडणीला असायचं, पण ते लवकर धूर देतं आणि तापवलं की त्यातलं ओमेगा-३ खराब होतं. ते कच्चंच घ्या, भाकरीवर किंवा ठेच्यावर छोटा चमचा. लहान, गडद रंगाची बाटली आणि घाणा काढल्याची तारीख बघून. फोडली की फ्रिजमध्ये, महिन्याच्या आत संपवा.

हळदीची अख्खी हळकुंडं घ्या आणि दळून आणा, वायगावची मिळाली तर उत्तम. सुट्या पिवळ्याधमक पुडीत रंगासाठी शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं देशात सापडली आहेत, आणि शिसं मेंदूसाठी विषच. बेसनही डाळ देऊन समोर दळून घ्या. आपल्या भागात लाखोळीच्या डाळीची भेसळ होते. लाखोळीत ओडॅप नावाचं मज्जातंतूंना मारक द्रव्य असतं, महिनोन् महिने तीच मुख्य डाळ म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात.

भाकर_वरण

जवसाच्या चटणीचं प्रमाण देऊन टाकतो. जवस १०० ग्रॅम, मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तडतडायला लागले की उतरवायचे. लाल झाले तर कडू लागतात. सुक्या मिरच्या आठ-दहा, लसूण आठ पाकळ्या, जिरं एक चमचा, मीठ एक सपाट चमचा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, एकदम फिरवला तर तेल सुटून गोळा होते. रोज १० ग्रॅम. अख्खे जवस गिळून उपयोग नाही, जसेच्या तसे बाहेर पडतात. एका वेळी आठवड्यापुरतीच करा अन् फ्रिजमध्ये ठेवा. घरी रंगकाम चालू असल्यासारखा वास आला की फेका.

आहार_धरमपेठ

छान. त्या १० ग्रॅम चटणीतल्या जवसातून दीड-पावणेदोन ग्रॅम वनस्पतीजन्य ओमेगा-३ मिळतं. पण मेंदूला लागणारं डीएचए हे दुसरं ओमेगा-३ शरीर त्यातून फार थोडं बनवतं, त्यामुळे मासे आठवड्यातून दोनदा, दर वेळी १०० ते १२० ग्रॅम. नागपुरात रोहू, कतला सहज मिळतात आणि प्रथिनांसाठी उत्तम आहेत, पण ओमेगा-३ बांगडा आणि तारलीत कितीतरी जास्त. बर्फातून आलेला बांगडा घेताना डोळा फुगीर आणि पारदर्शक, कल्ला लाल, बोट दाबलं की मांस वर येणारं. डोळा खोल आणि दुधाळ झालेला मासा घेऊ नका. पूर्ण शाकाहारी घरात शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, २०० ते ३०० मिग्रॅ पुरे.

अंडं बंद करू नका. एका पिवळ्यात १८५ मिग्रॅच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं आणि एपीओई-४ वाल्यांत त्याचा परिणाम थोडा जास्त दिसतो, म्हणून आठवड्याला चार-पाच पिवळे धरा, पांढऱ्याला मर्यादा नाही.

बी-१२ बघा. कमी असेल तर रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढतं. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीत स्मृती मंदावलेल्या वृद्धांना बी गटातली जीवनसत्त्वं दिल्यावर मेंदू आकसण्याचा वेग कमी झाला, आणि फायदा होमोसिस्टीन जास्त असलेल्यांत मोठा होता. गोळी घ्यायची ती तपासून, कमी निघालं तरच. स्पिरुलिनातलं बी-१२ शरीराच्या उपयोगाचं नसतं, रक्त-तपासणीत मात्र आकडा फुगवू शकतं.

लांबपल्ला

उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा ताट कितीही नीट असलं तरी भूकच मरते आणि कॅलरी तिथे गळतात.

पहाटे साडेचारला सुरुवात, साडेसहाला बंद. सरावाआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्यायचं, नंतर घाम पुसून पुन्हा. ५० चं ४८.९ झालं आणि मध्ये ३०० मिली प्यायली असेल तर घाम १.४ लिटर गेला. जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढच्या चार तासांत परत. इथे १.१ किलोला १.४ ते १.६५ लिटर. नुसतं पाणी ढोसायचं नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड, मळमळ, बोटं सुजलेली, आणि वजन सरावाआधीपेक्षा वाढलेलं, ही त्याची खूण. अशा वेळी आणखी पाणी पाजणं धोक्याचं, दवाखाना गाठा.

एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चवीला लिंबू. मिठाचा चमचा शीग लावून घेऊ नका. दुपारी मठ्ठा किंवा पन्हं. भूक नसेल तेव्हा भाकरीच्या जागी दहीभात, वर शेंगदाण्याची चटणी. सातूचं पीठ ५० ग्रॅम थंड दुधात कालवून दिलं तर चावायचे कष्ट नाहीत आणि ते जातं.

निसर्गवाट

खोबरेल बंद करणार, पटलं. ब्राह्मी, गिंको, स्मरणशक्तीच्या गोळ्या यांचं काय? घरात त्या सुरू आहेत.

मेंदू_आणि_जनुक

गिंकोवर अमेरिकेत ३०६९ वृद्धांवर मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आले. स्मृतिभ्रंश टळला नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. भाजीत हळद घाला, गोळी नको.

खेळाडूसाठी मोठं कारण वेगळं आहे. मिश्र गोळ्या आणि पुड्यांत लेबलवर न लिहिलेली उत्तेजकं निघू शकतात. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत ती सापडली तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ हे कमतरता सिद्ध झाल्यावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. बाकी सगळं कपाटातून काढा.

तपासण्या: पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गर्भधारणा चाचणी (नियम म्हणून सगळ्यांचीच करतात), टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन हे संप्रेरक. त्यासोबत फेरिटिन (लोहाचा साठा), हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, रक्तदाब. लिपिड प्रोफाइल आत्ता पुन्हा करू नका. नीट खाणं सुरू झाल्यावर १० ते १२ आठवड्यांनी करा, तेव्हाच खरा आकडा कळेल. त्या वेळी एपीओ-बी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचं मोजमाप) आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, मुख्यतः आनुवंशिक कण) पण करून घ्या. आदल्या दिवशी जोरदार सराव नको. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) कराल तर लोहाच्या कमतरतेत ते खोटं जास्त येतं हे लक्षात ठेवा, नाहीतर साखरेची नवी भीती घरात शिरेल आणि भात पुन्हा बंद होईल.

आणखी दोन शब्द. डोक्याला मार बसणं हे टाळता येण्याजोग्या त्या चौदा कारणांतलं एक आहे. पहाटे अंधारात स्कूटीनं मानकापूरला येताना हेल्मेट, मागे बसलेल्यालाही. आणि झोप आठ तास. साडेचारला उठायचं असेल तर साडेआठला दिवा बंद झाला पाहिजे, मग जेवण सातला घ्यावं लागेल.

मानकापूर ट्रॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. सराव आजच थांबवला, एमआरआय परवा आहे. ताईंचा ४१ किलोचा हिशोब घरच्यांसमोर मांडला. सगळ्यात पटलं ते "जनुक तेच, ताट बदललं" हे.

दोन प्रश्न उरले. तिच्या १५ वर्षांच्या भावाचीही जनुक तपासणी करावी असं वडील म्हणतात, तो कबड्डी खेळतो. आणि धावणं परत सुरू झाल्यावर पुढच्या मोसमात पुण्याला बालेवाडीत स्पर्धा आहेत, रात्रभराचा रेल्वेप्रवास. गाडीतलं तेलकट खाणं टाळून बरोबर काय द्यावं?

मेंदू_आणि_जनुक

भावाची तपासणी आत्ता नको. म्हातारपणीच्या आजाराच्या धोक्यासाठी अठराच्या आतल्या मुलांची तपासणी करत नाहीत. उद्या त्याला हवी वाटली तर तो सज्ञान झाल्यावर, आधी जनुक समुपदेशन घेऊन करेल. निकाल काहीही आला तरी त्याला सांगण्याजोगं तेच आहे. पकडीत डोकं आपटलं, क्षणभर गोंधळला, तर त्याच सामन्यात परत उतरायचं नाही आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान बंद. हे त्याच्या प्रशिक्षकांना लेखी कळवा.

भाकर_वरण

प्रवासाला दशम्या. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, कणीक एक वाटी, पाण्याऐवजी कोमट दुधात भिजवायचं, चवीला गूळ अन् चिमूटभर मीठ. तव्यावर कोरड्याच भाजायच्या, शेवटी बोटभर तेल फिरवायचं. दूध असल्यानं मऊ राहतात, पण मे महिन्यात रात्रभर ठीक, दुसऱ्या दुपारी नाही. हिवाळ्यात दीड दिवस. गरम असताना डब्यात भरल्या तर वाफेनं आंबतात, कपड्यावर पूर्ण गार करा. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, फुटाणे, चार संत्री, सहा केळी.

आहार_धरमपेठ

केळी जरा कच्चट, हिरवट देठाची घ्या, पुण्याला पोचेपर्यंत बरोबर पिकतात. शर्यतीच्या आदल्या रात्री भाकरी, हरभरा, पालेभाजी नको, चोथा जास्त होतो. साधा वरण-भात, दही, आणि तो तुपाचा एक चमचा.